तेच तेच ३६ फोटो

प्रश्न : मॅडम, आम्ही इचलकरंजीचे. माझे २४ माग आहेत. मुलगी पुण्यात बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय फोटोग्राफी. कॉलेजने सांगितला तो डिजिटल कॅमेरा मी घेऊन दिला, पण तिचा जीव रोलच्या कॅमेऱ्यात. पेंटॅक्स के-१००० आहे, तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मिरजेला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं आणि तो बसला. शेवटची वर्षं त्यांनी पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर काढली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मुलगी महिन्याला चार रोल मारायची. एक रोल आणून, धुऊन, स्कॅन करून १६०० रुपयांना पडतो. तिचा एक कागद घरी राहिला होता, त्याचा फोटो सोबत पाठवतो. तेच तेच ३६ फोटो आहेत, तुम्हीच बघा. दिवाळीला ती आली तेव्हा मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्याकडे घेतली. म्हटलं, सहा महिन्यांत रोलच्या फोटोंवर दहा हजार मिळवून दाखव, मग ने. मुदत आता संपत आली. कॉलेजची कामं डिजिटलवर चालू आहेत, मार्कही बरे आहेत, पण तेव्हापासून ती फोनवर हो-नाही एवढंच बोलते. धाकट्याची काळजी नाही. तो धंद्यात आलाय, त्याला दोन रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे आधुनिक माग घेऊन दिलेत. दोन वर्षं तोटा झाला तरी चालेल, शिकतोय. मुलीने पुढे एम.बी.ए. करावं, एमपीएससी द्यावी की बी.एड.? तुमचं ती ऐकेल. तुम्हीच समजवा.

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. ‘ती फोनवर हो-नाही एवढंच बोलते.’ हे तुम्ही खर्चाच्या हिशोबात, जाता जाता लिहून टाकलंय. मला त्या पत्रातलं तेवढंच तातडीचं वाटतं. एम.बी.ए. आणि बी.एड. वर्षभर थांबू शकतात. पुण्यात एकटी राहणारी एकवीस वर्षांची मुलगी दिवाळीपासून वडिलांशी बोलत नाही, ही गोष्ट थांबू शकत नाही.

धाकट्याबद्दलचं वाक्यही तसंच ओझरतं आलंय. ‘दोन वर्षं तोटा झाला तरी चालेल, शिकतोय.’ हे वाक्य आता मुलीचं नाव घालून वाचा. एका रॅपिअर मागाची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, आणि महिन्याचे ६४०० रुपये त्या शेजारी केवढे दिसतात हेही. मुलाला शिकायला दोन वर्षं आणि तोट्याची मुभा. मुलीला सहा महिने, दहा हजारांची अट आणि हत्यार कपाटात. आडवा धागा नेणारा धोटाच काढून घेऊन मागवाल्याला ‘आता कापड विणून दाखव’ म्हणण्यासारखं आहे हे. कॅमेरा तुमच्या ताब्यात असताना तिने रोलच्या फोटोंवर पैसे मिळवायचे कसे? ही अट तिला पूर्ण करताच येणार नव्हती, आणि मला वाटतं हे तुम्हालाही ती घालताना कुठेतरी कळलं होतं. तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. मुलीला घरापासून लांब पाठवून फोटोग्राफी शिकवणारा, सांगितला तो कॅमेरा घेऊन देणारा बाप वाईट नसतो. पण मुलगा शिकतो आणि मुलगी पैसे घालवते, हा फरक तुमच्या पत्रात आहे आणि तिला तो तुमच्या पत्राच्या आधीच वाचता आलेला आहे.

तुमच्या भीतीला मात्र मी कमी लेखणार नाही. सासऱ्यांचा स्टुडिओ बसताना तुम्ही पाहिलात. फोटोग्राफीचं सामान बनवणारी जगातली सर्वांत मोठी नावंही त्या लाटेतून सुटली नाहीत. कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला होता, आणि तीच कंपनी २०१२ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. सासऱ्यांनी कधीतरी ‘इंदू’चा रोल वापरला असेल. तो बनवणारा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ऊटीचा सरकारी कारखानाही बंद झाला. तेव्हा ‘जिथे आजोबा बुडाले तिथेच नात पोहायला निघाली’ ही भीती हवेतून आलेली नाही.

पण या भीतीत एक गैरसमज मिसळलाय आणि तो वेगळा काढायला हवा. मिरजेच्या स्टुडिओत जे संपलं ते होतं रोल विकणं, रोल धुणं, प्रिंट काढणं आणि गावात दुसऱ्या कुणाकडे कॅमेरा नसणं. तो धंदा गेला. माणसाला कुठे बसवायचं, खिडकीचा उजेड गालावर कुठून घ्यायचा, कुठल्या क्षणी बटण दाबायचं, हे सासऱ्यांना जे येत होतं ते कुणीही काढून घेतलं नव्हतं. फक्त त्याचे पैसे कोण देईल हे त्यांना त्या वयात नव्याने शोधता आलं नाही. मुलगी रोलचा धंदा शिकत नाहीये. ती रोलवर शिकतेय. के-१०००मध्ये आपोआप होणारं काहीच नाही. फोकस हाताने, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) हाताने, ॲपर्चर (त्यासाठी भोक केवढं उघडायचं) हाताने, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला. म्हणूनच १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत राहिला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात पडत राहिला. चुकलं तर स्क्रीनवर लगेच दिसत नाही, रोल धुतल्यावर दिसतं, आणि तोवर ३६ वेळा डोक्यात विचार करावा लागतो. तुमच्याच हिशोबाने एका फोटोमागे ४४-४५ रुपये जातात. एवढे पैसे पडतात म्हणूनच ती दाबण्याआधी थांबते. हे थांबणं नंतर कुठल्याही कॅमेऱ्यावर सोबत येतं. डिजिटलवर तिचे मार्क बरे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्याचा या रोलशी काही संबंध असेल, असं तुम्हाला वाटलं नाही?

आता तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलेल्या कागदाविषयी. या कागदाला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून प्रिंट काढतात, म्हणून फोटो निगेटिव्हएवढेच छोटे दिसतात. सहा फोटोंच्या सहा ओळी. फोटोग्राफर तो भिंतीवर लावत नाही, गिऱ्हाइकालाही सहसा दाखवत नाही. ती त्याची कच्ची वही असते, खाडाखोडीसकट. तुम्ही मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो मी मोठा करून, क्रमाने, तासभर पाहिला.

पहिल्या आठ फोटोंत तुमची शेड आहे. लांबून, सगळे माग एका रांगेत, माणसं मुंगीएवढी. कुणीही काढेल असे. नऊ ते चौदा ती मागापाशी गेलीय आणि धोटा पकडायचा प्रयत्न करतेय. सगळे हललेले. मग पंधरापासून एकच माणूस सुरू होतो. चष्मा लावलेले, बीमसमोर, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेल्या रुळासमोर बसलेले एक वयस्कर वहिफणीवाले, म्हणजे ते धागे वही आणि फणीतून ओवणारे कारागीर. इथून पुढचे जवळपास सगळे फोटो त्यांचे, आणि हेच तुमच्या ‘तेच तेच’ला कारण झालं असावं. पण ते तेच नाहीत. सोळाव्यात डोक्यावरची ट्यूबलाइट फोटोत आलीय आणि तिचा नुसता पांढरा पट्टा झालाय. अठराव्यात तिने तो सुधारला, जरा खाली वाकून ट्यूब बाहेर ठेवली. वीस-एकविसात काका कॅमेऱ्याकडे बघतायत, अंग चोरून, ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे. इथे बहुतेक विद्यार्थी आभार मानून निघून जातात. ती गेली नाही. तिथेच बसून राहिली असणार, कारण सव्विसाव्या फोटोपासून काका तिला विसरलेत. ते पुन्हा धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवू लागलेत. एकतिसाव्यात ती बीमच्या पलीकडे गेलीय आणि ताण्याच्या धाग्यांतून त्यांच्याकडे बघतेय. पुढचे धागे धूसर, मागे एक डोळा आणि चिमटीतला धागा लख्ख. चारशे आयएसओच्या (उजेडाला तेवढ्या संवेदनशील) रोलवर, एका ट्यूबच्या उजेडात, शटर खूप हळू ठेवून, श्वास रोखून काढलेला फोटो आहे तो. तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातून मी असा फोटो क्वचित पाहिलाय.

वहिफणीचं काम म्हणजे काय हे मला तुम्ही सांगायचं, मी तुम्हाला सांगायचं नाही. हजारो धागे, एकेक करून, एकही चुकवायचा नाही. चुकला तर कापडात शेवटपर्यंत रेघ राहते. तुम्ही त्या माणसाला दर आठवड्याला पगार देत असाल. तिने त्याला पाहिलंय.

शेवटचा, छत्तिसावा फोटो शेडच्या दाराचा आहे. बाहेरचं ऊन इतकं आहे की दारात उभ्या माणसाची आकृती जवळजवळ काळीच आलीय. एक हात कमरेवर, एक दाराच्या चौकटीवर. डावीकडचे दोन मागवाले काम सोडून त्याच्याकडे पाहतायत, तेव्हा ते मालक असावेत. म्हणजे तुम्ही असावात. मला खात्रीने सांगता येणार नाही, पण तुम्हाला येईल. कागद पुन्हा काढा आणि बघा. पत्रात तुम्ही कॅमेरा, किंमत, मार्क, कोर्स, धाकटा भाऊ सगळ्याबद्दल लिहिलंत, पण तिच्या एकाही फोटोत काय आहे हे लिहिलं नाहीत. तो कागद तुम्ही फक्त मोजला असावा असं मला वाटतं.

तिला मी काय समजवावं ते आधी तुम्हाला सांगते, म्हणजे माझा कल एकाच बाजूला नाही हे कळेल. रोलवर काढलं म्हणून फोटो मोठा होत नाही. आजकाल खूप मुलं दाणेदार, किंचित उडालेल्या रंगांच्या चहाच्या कपांवर खूश असतात, आणि त्यात बघणं काही नसतं, फक्त रोल असतो. तिच्या पहिल्या आठ फोटोंत ही सवय थोडी आहे. चार रोलही जास्त आहेत. दोन पुरेत, पण प्रत्येक कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीने आपले दोन निवडायचे आणि बाकीचे का नाहीत ते वहीत लिहायचं. कृष्णधवल रोल लॅबला देण्याची गरज नाही. शंभर फुटांचं रीळ आणून अंधारात स्वतः डबीत भरलं तर ३६-३६ फोटोंचे साधारण अठरा रोल होतात. धुणंही बाथरूममध्ये, टाकीत, डी-७६ या डेव्हलपरने जमतं. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स, एवढ्यांचं ते जुनं द्रावण. तापमान २० अंश सांभाळायचं, उन्हाळ्यात त्यासाठी बर्फ लागेल. खर्च चांगला खाली येईल. आणि चौथ्या वर्षात पैशाची कामं डिजिटलवर, वेळेत, बिल लिहून करायला शिकायचं. दोन्ही हात चालवायचे. रोलवर पोट भरेन असा तिचा हट्ट असेल तर त्यात मी तिच्या बाजूने नाही. एकविसाव्या वर्षी ते जवळपास कुणालाच जमत नाही. तुमची अट जितकी चुकीची होती, तितकंच हेही चुकीचं ठरेल.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात सांगते. गांधीनगरच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी आहे, प्रवेश संस्थेच्या डॅट परीक्षेतून. दिल्लीला जामिया विद्यापीठाच्या एमसीआरसी या माध्यम केंद्रात स्थिरचित्रणाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. कॅमेरा चालत्या चित्राकडे वळला तर पुण्यातच एफटीआयआयचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम आहे. एमपीएससी ज्याला द्यायचीय त्याने द्यावी. ती काही वर्षं मागते, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून ती देणारी मुलं मला रोज भेटतात. बी.एड.चं नाव तिने काढलेलं नाही, तुम्ही काढलंय. एम.बी.ए.बद्दल मला काही म्हणायचं नाही, कारण या पत्रात ते का आलं हेच मला कळलं नाही.

आजच यातलं काही ठरवू नका. तिच्यापुढे चौथं वर्ष आहे आणि त्यात एक मोठा प्रकल्प करावा लागेल. त्यासाठी एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. सासऱ्यांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्हचं काय झालं?

बहुतेक घरांत ते माळ्यावर असतात. फिल्मच्या किंवा कागदाच्या जुन्या खोक्यांत, वर पेनने लिहिलेली वर्षं. मिरजेत कित्येक दशकं लग्नाला, बारशाला, बढतीला, परदेशी जाण्याआधी, कुणी गेल्यावर भिंतीसाठी, ज्यांनी ज्यांनी फोटो काढून घेतला ती सगळी माणसं तिथे आहेत. आणि त्यांना वेळ कमी आहे. ॲसिटेटच्या फिल्मला दमट हवेत एक रोग लागतो. ती आक्रसते, वळते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. एकदा सुरुवात झाली की ती खोक्यातल्या शेजारच्या फिल्मनाही धरते. खोकं उघडताना तो वास आला तर घाई करायला हवी. हातमोजे घालून त्या निगेटिव्ह वेगळ्या करणं, ॲसिड नसलेल्या पाकिटांत घालणं, उजेडाच्या टेबलावर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने त्यांची नक्कल काढणं, कोण कुठला याची नोंद करणं. या कामाला निगेटिव्ह वाचता येणारा माणूस लागतो, आणि डिजिटलही येणारा. तुमच्या घरात तो आहे. संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत हे काम पगारावर करणारी माणसं असतात. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेल्या, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, कारण बाईचं नाव चालत नव्हतं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचं काम आज दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे जपलेलं आहे. ते कुणीतरी हाताने एकेक करून लावलं असेल, म्हणून आपल्याला दिसतं.

वहिफणीचे फोटोही तिने सोडू नयेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन कृष्णधवल काम केलं आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या मुलीला असं काही मिळेल असं आश्वासन मी देत नाही, कुणीच देऊ नये. पण अशा कामाला लागतो तो शेडमध्ये येण्याजाण्याचा हक्क, आणि माणसांचा विश्वास. बाहेरच्या फोटोग्राफरला तो मिळवायला वर्ष जातं. तिला तो जन्मापासून आहे, फक्त मालकाची परवानगी हवी.

म्हणून आता तिला समजवायला मी फोन करणार नाही. तुम्हीच करा. मुदतीचा विषय काढू नका, माफी मागायलाच हवी असंही नाही. एवढंच विचारा की एकतिसाव्या फोटोत तिने शटर किती ठेवलं होतं आणि काका तिला कसे विसरले. त्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. ती बोलू लागली की मध्ये पैशाचं काढू नका, पुढच्या फोनला काढा. मग मिरजेचं विचारा. सासूबाई असतील तर त्यांनाही विचारा. कुठलं खोकं कुठल्या सालचं हे बहुधा त्यांनाच ठाऊक असेल.

आणि कॅमेरा कपाटातून आजच बाहेर काढा. पाऊस तोंडावर आलाय, आणि बंद, अंधाऱ्या, दमट कपाटात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. काचेच्या वरच्या थराला तिने खाल्लं की नंतर साफ करूनही डाग जात नाही. सेल काढून ठेवा, फुटला तर आतला भाग गंजतो. लेन्सचं तोंड उजेडाकडे धरून आत जाळं दिसतंय का बघा. नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून त्यात तो ठेवा, आणि ती येईपर्यंत डबा दिवाणखान्यात, सगळ्यांना दिसेल असा असू द्या.